मेव्हणा जर्मनीला, नेपाळ काष्टीला

माझा मेव्हणा जर्मनीला निघालाय ही बातमी मला घरात नाही, काष्टीच्या चहाच्या टपरीवर कळली. शाळा सुटल्यावर मी तिथे थांबलो होतो. टपरीवाल्याने कप पुढे ठेवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "सर, आता आमच्या फ्रिजचं कसं?"

"काय झालं फ्रिजला?"

"आजून काय न्हाई झालं. पर झालं म्हंजे? तुमचा मेव्हणा तर चालला जर्मनीला."

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे बायको रागावून माहेरी गेली तरी चहाच्या वेळेला परत येते. सासरे पुष्कळ वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. त्या घरात सासूबाई आणि मेव्हणा अशी दोघंच. मेव्हणा तिशी ओलांडलेला, भरघोस मिशांचा, खिशाला पेनासारखा टेस्टर लावणारा. गावचा वायरमन. बोअरची मोटर, स्टार्टर, गिरणी, मंडपातली लायटिंग, जिथे म्हणून वीज जाते तिथे तो जायचा. फक्त सांगितलेल्या वेळेला जायचा नाही. त्यामुळे गावात सगळ्यात जास्त कामं त्याला होती आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्यालाच.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "तुझा भाऊ परदेशी चाललाय आणि मला टपरीवर कळतंय?"

"तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही आधी आपली मोटर दुरुस्त करून घेतली असती," ती म्हणाली. टपरीवरून घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होतो.

संध्याकाळी मेव्हणा स्वतःच आला. जर्मनीत म्हणे म्हातारी माणसं फार झालीत. वायरमन, प्लंबर, नर्स मिळेनासे झालेत. म्हणून त्यांनी बाहेरच्या कामगारांना दार उघडलंय. त्यांची भाषा शिका आणि या. नगरला क्लास सुरू झाला होता आणि त्याने नाव घातलं होतं.

"दाजी, तिथं वायरमनला 'हेर' म्हनत्यात. हेर म्हंजे श्रीयुत."

"आपल्याकडे गुप्तपणे पाळत ठेवणाऱ्याला म्हणतात."

"हितं तर मला 'ए करंट' म्हनत्यात. त्यापेक्षा हेर बरा."

खरं कारण वेगळं होतं, ते सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीचा बाप आधी विचारी, नोकरी आहे का? मग विचारी, पुण्यात फ्लॅट आहे का? शेवटच्या स्थळाने तर कमालच केली होती. पोहे दिले, नकार कळवतो असं तोंडावर सांगितलं आणि निघता निघता म्हणाले, "आलाच आहात तर तेवढा आमचा फॅन बघता का?" याने चपला काढून परत आत जाऊन फॅन दुरुस्त केला. सासूबाईंना नकाराचं वाईट वाटलं नव्हतं, फॅनचं वाटलं होतं.

क्लास सुरू झाला तसा जर्मन भाषेचा संसर्ग आमच्या घरालाही झाला. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून व्याकरणाचा खड्डा आला की मेव्हणा आमच्याकडे येई. पहिल्याच आठवड्यात तो मोठ्या आनंदात आला. "दाजी, त्यांच्यात पन तीन लिंगं! तो, ती, ते. डेअर, डी, डास. निम्मं काम झालं!"

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "डास?" त्या म्हणाल्या.

"हां. जे धड तो न्हाई आन ती न्हाई, ते डास."

"मंग डासाला काय म्हनत्यात?"

हे त्याने विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारून येतो म्हणाला.

निम्मं काम काही झालेलं नव्हतं. लिंगं तीन होती, पण ती भलत्याच वस्तूंना वाटलेली होती. तो घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायचा आणि त्यातून भांडणं व्हायची. सूर्य तिकडे बाई निघाला. चमचा पुरुषच राहिला, पण बटाटा बाईमाणूस झाला. दूध, जे आमच्या गोठ्यात रोज 'ते' म्हणून निघतं, ते 'ती' झालं. आणि मुलगी निघाली डास.

"पोरीला डास म्हनत्यात?" सासूबाई उभ्या राहिल्या. "आसल्या गावात तू ऱ्हानार?"

"आई, ते नुस्तं व्याकरन हाय."

"आपण नाही का 'ते पोरगं' म्हणत," मी मध्ये पडलो. त्यावर त्या म्हणाल्या, पोरगं निराळं आणि डास निराळा. यात त्यांचं चूक होतं असं अजूनही मला वाटत नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो कांद्यावरून. जर्मन भाषेत कांदा स्त्रीलिंगी आहे. आमच्या श्रीगोंदा तालुक्यात हे वाक्य बोलायला धीर लागतो. मेव्हण्याने ते टपरीवर बोलून दाखवलं. तिथे बसलेल्या एका कांदावाल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई हाय व्हय? म्हनूनच दरसाली रडवतो."

हे मी घरी येऊन हसत सांगितलं. बायको पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बाई असता तर भाव पडल्यावरसुद्धा घर चालवून दाखवलं असतं." मी ते टपरीवर जाऊन सांगितलं नाही.

मग तो 'इश' शिकला. 'इश' म्हणजे 'मी'. दिवसभर सराव करायचा तर प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होणार. त्यामुळे हा मिशाळ माणूस विजेच्या खांबाला शिडी लावून वर चढला की वरून आवाज यायचा, "इश बिन इलेक्ट्रिकर. इश वोने इन काष्टी. इश... इश..." खालून जाणाऱ्या बायका वर बघून पदर तोंडाला लावायच्या. सासूबाईंनी मला गंभीरपणे विचारलं, "करंट लागून आसं व्हतं का हो मानूस?"

इकडे गावात मात्र वेगळंच काही सुरू झालं होतं. वायरमन जाणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपापल्या घरातली बिघडलेली वस्तू आठवली. माळ्यावरचे मिक्सर खाली आले. वर्षानुवर्षं हाताने ढकलून सुरू होणारे पंखे रांगेत लागले. कुणीतरी एक टेपरेकॉर्डर आणला. मेव्हण्याने विचारलं, "कॅसेट हाय का?" तर म्हणाला, "न्हाई, पर तू जायच्या आत चालू आसलेला बरा."

त्याने दर वाढवले तरी कुणी घासाघीस केली नाही. उलट चहा, नाश्ता, एका घरी मटणाचा रस्सा. ज्यांनी त्याला कधी बसायला खुर्ची दिली नव्हती ते आता टेबलफॅन त्याच्याकडे वळवू लागले, तो फॅन त्यानेच दुरुस्त केलेला असला तरी. मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, मी जर्मनीला जायची काय गरज हाय? नुस्तं जानार जानार म्हनलं तरी भागतंय."

गावात आनंद झालेला एकच माणूस होता. मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान असलेले एक वयस्कर कारागीर. त्यांना सगळे तात्या म्हणत. गुडघे गेल्यामुळे ते बसूनच काम करत आणि बसूनच मेव्हण्याच्या नावाने बोटं मोडत. "जाऊ द्या," ते टपरीवर म्हणाले. "मी हाय ना! सगळं गाव माझ्याकडंच येतंय का न्हाई बघा."

परीक्षेच्या पायऱ्यांनी आणखी घोटाळा केला. पहिली पायरी 'ए वन'. ती पास झाल्यावर मेव्हण्याने पेढे वाटले आणि सांगितलं, "मी ए वन झालो." गावाला वाटलं, हा पहिलाच आला. फ्लेक्स लागला. पुढे बऱ्याच महिन्यांनी तो 'बी वन'ची तयारी करू लागला तेव्हा लोक कुजबुजले, पोरगं ए वरून बी वर घसरलं, लक्ष उडालं. ए सगळ्यात खालची पायरी असते हे मी सांगून बघितलं. "सर, तुमी मेव्हण्याची बाजू घ्यायचेच," असं मला ऐकवलं गेलं.

फ्लेक्सचा एक फायदा झाला. त्यावर मेव्हण्याच्या फोटोमागे बर्फाचे डोंगर आणि विमान होतं, आणि तो फ्लेक्स कुणीतरी मोबाईलवर पाठवत पाठवत पार नेवाशापर्यंत पोचवला. स्थळं यायला लागली. ज्यांनी फॅन दुरुस्त करून घेतला होता त्यांचाही निरोप आला. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हनाव, आता कूलर बिघडू द्या, मंग या."

त्यातलं एक स्थळ नेवासा तालुक्यातलं होतं. घोडेगावच्या अलीकडचं गाव, मुलगी नगरला दवाखान्यात नर्स. एवढंच मध्यस्थाने सांगितलं. आम्ही चौघं गेलो. मुलीचे वडील, आत्या, आणखी दोन-तीन मंडळी होती. मुलगी पाट ओढून शांत बसली. स्वयंपाक येतो का, भावंडं किती, हे झालं. मग मध्यस्थाने मेव्हण्याला कोपराने ढोसलं, "तुमची जर्मन होऊ द्या की जरा."

मेव्हण्याने मिशीवरून हात फिरवला. "गुटेन टाग," तो म्हणाला. म्हणजे नमस्कार.

मंडळींनी कौतुकाने माना डोलावल्या. मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "गुटेन टाग. वी हाइसेन झी?"

मेव्हण्याचा चेहरा मोटर जळाल्यावर होतो तसा झाला. नाव विचारलंय एवढं त्याला समजलं होतं, पण उत्तर पहिल्या शब्दापुढे जाईना. "इश..." तो म्हणाला. "इश... इश..."

"अगंबाई," मुलीची आत्या शेजारणीला म्हणाली, "पोरगा लाजतोय!"

मुलीला त्याची दया आली असावी. तिने स्वतःच पुढचं वाक्य घेतलं. "इश बिन क्रांकेनश्वेस्टर." म्हणजे, मी नर्स आहे.

त्यातला फक्त पहिला शब्द सासूबाईंना समजला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इश्श म्हनली!" त्या माझ्या बायकोच्या कानात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आजकालच्या पोरीत आसं कुटं ऱ्हायलंय! मला पसंत हाय."

मुलगी जर्मनीत नर्स म्हणून जाण्यासाठी त्याच्या वरच्या वर्गात शिकत होती हे हळूहळू उलगडलं. मध्यस्थाने ते आमच्यापासून लपवलं होतं, मुलगी जास्त शिकलेली निघाली तर आम्ही बिचकू म्हणून. मग दोघांना अंगणात बोलायला सोडलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. तिने त्याला पहिला प्रश्न विचारला तो कांद्याचा.

"कांदा काय? डेअर, डी, का डास?"

"डेअर," मेव्हणा म्हणाला. त्याला उत्तर माहीत होतं, पण घाबरल्यावर माणूस श्रीगोंद्याचाच होतो.

"डी," ती म्हणाली. "आणि ऐका. मी जाणार हे ठरलंय. तुम्हाला यायचं असेल तर पास होऊन या. मी ओढत नेणार नाही."

परतीच्या वाटेवर मेव्हणा गाडीत खिशातला टेस्टर काढून बोटांत फिरवत बसला होता. मला वाटलं दुखावला. मग म्हणाला, "दाजी, आजवर जेवढ्या पोरी बघितल्या त्यांनी मला काय येत न्हाई ते आईबापाकडून कळवलं. हिनं सोता सांगितलं." त्याने होकार कळवला. पंधरवड्याने तिकडूनही होकार आला. काय बघून दिला ते मी पुढे तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "निघताना त्यांनी आमच्या बैठकीतला लोंबकळणारा होल्डर कुणी न सांगता घट्ट केला."

लग्न काष्टीलाच झालं. मंडपातली लायटिंग नवरदेवानेच केली. अक्षता पडताना निम्मी लायटिंग गेली, तेव्हा मुंडावळ्यांसकट तो खांबाकडे निघाला होता. भटजींनी उपरणं धरून ठेवलं.

नवरी आधी गेली, ठरल्याप्रमाणे. हा मागे राहिला, कारण बी वनच्या तोंडी परीक्षेत नापास झाला. ती हकीकत त्याने मला गोठ्यात बसून सांगितली. परीक्षेत कुटुंबाविषयी बोलायचं होतं. वडिलांविषयी विचारलं तेव्हा 'वारले' हा शब्द त्याला आठवेना. क्लासमध्ये विजेच्या कामाचे शब्द तेवढे पक्के झालेले. म्हणून तो म्हणाला, "माइन फाटर इस्ट कपुट." माझे वडील बिघडलेत.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. त्यांना वाटलं वडील दमलेत. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

हार्ट अटॅकलाही शब्द सुचेना. "मग?" मी म्हणालो.

"मंग मी म्हनलो, फ्यूज उडाला."

"आणि त्या?"

"त्यांनी इचारलं, दुरुस्त कधी होनार?" तो गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "मला हासू आलं हो दाजी. बापाचं सांगताना हासलो, म्हनून त्यांनी मार्क कापलं आसतील."

आम्ही दोघं बराच वेळ हसलो. नंतर तो उठून गायीला वैरण टाकू लागला. सासरे चांगले गृहस्थ होते.

त्यानंतर नवरीने जर्मनीहून सूत्रं हातात घेतली. रोज फोन, फक्त जर्मनमध्ये. तो मराठीत बोलला की ती फोन ठेवून द्यायची. नव्या नवऱ्याला याहून मोठी शिक्षा नसते. त्यामुळे दुसऱ्या खेपेला तो पास झाला, तेही बऱ्या मार्कांनी. पोचवायला आम्ही मुंबईला विमानतळापर्यंत गेलो. सासूबाईंनी पोटाशी धरून सांगितलं, "तारांना उगा हात लावू नको." तो वायरमन म्हणूनच चाललाय हे त्या घटकेला कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

आणि मग गावात खरोखरच वायरमन राहिला नाही.

तात्यांचं म्हणणं खरं ठरलं, सगळं गाव त्यांच्याकडे गेलं. पहिल्या आठवड्यात ते खुशीत होते. दुसऱ्या आठवड्यात दुकानासमोर मोटरींचा ढीग लागला. तिसऱ्या आठवड्यात लोक त्यांना उचलून विहिरीवर नेऊ लागले. अक्षरशः उचलून, कारण गुडघे साथ देत नव्हते. एकदा मी दुकानात गेलो तर शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत ढिगामागे तात्या लपले होते. "सर," ते कुजबुजले, "तुमच्या मेव्हण्याला माघारी बोलवा. मी त्याला कधी काय बोललो आसंन तर माफ करा म्हनाव."

श्रीगोंद्याहून वायरमन बोलवावा तर तो पेट्रोल वेगळं मागे. काही मंडळी स्वतःच स्टार्टर उघडू लागली आणि झटका खाऊन पुन्हा बंद करू लागली. आमच्या मोटरीने नेमका त्याच वेळी दम तोडला. मी शिक्षक, मी भाषण देऊ शकत होतो की कामगारांची अशी ये-जा झाली की दर हलतात, काम हलतं, नवी माणसं येतात. पण गायींना पाणी पाजायचं होतं. मी बादली उचलली.

नवं माणूस आलं ते चायनीजच्या गाडीवरून. दौंड रस्त्याला एका नेपाळी माणसाची गाडी होती. त्याचा चुलतभाऊ नुकताच तिथे येऊन राहिला होता. गाडीची ट्यूब फडफडत होती ती त्याने दुरुस्त केलेली कुणीतरी पाहिली आणि ती बातमी नूडल्स थंड व्हायच्या आत गावभर झाली. मी त्याला घरी घेऊन आलो. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, सारखा हसणारा माणूस.

सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्यांनी चौकशी केली. "काम कुटं शिकला रं?"

"पहले कतार में था, माँजी."

"कतारीत? म्हंजे रांगेत?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कसली रांग?"

"बिजली का काम," तो म्हणाला. "बहुत साल कतार में. बहुत गरमी. फिर छुट्टी मिला."

"आगं बाई गं!" सासूबाईंचा जीव कळवळला. "वीज घ्यायला इतकी वर्सं रांगेत उन्हात हुबं केलं लेकराला! आधी जेवाय वाढ त्याला." कतार हा देश आहे हे मी नंतर सांगितलं. देशाला असं नाव कोण ठेवेल, असं म्हणून त्यांनी माझं ऐकलं नाही.

त्याने मोटर काढली, जोडली, पाणी पडलं. फक्त स्विच उलटा बसवला. खाली केला की बंद, वर केला की चालू. सांगितल्यावर म्हणाला, तिकडे कुठल्यातरी साहेबाला असंच लागायचं, हात बसलाय. अजूनही आमच्या अर्ध्या गावात स्विच उलटे आहेत आणि पाहुणे अंधारात चाचपडतात.

पण खरी गंमत वेगळीच. नेपाळीत मोठ्या भावाला 'दाजु' म्हणतात. तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "दाजु, पक्कड देना." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्याकडे 'दाजी' कुणी म्हणावं याचा नियम पक्का आहे. ज्याची बहीण आपल्या घरात, त्याने.

"हा तुम्हाला दाजी का म्हणतोय?" तिने विचारलं.

त्याने तिला बघून हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते दिदी."

मी म्हणालो, "बघ, हिशेब बरोबर बसतोय."

आमच्या घरात बसला तो हिशेब गावात बसेना. तो सगळ्यांनाच दाजु म्हणायचा. टपरीवाला दाजु, कांदावाला दाजु. आणि एके दिवशी तात्यांच्या दुकानात जाऊन त्यांना म्हणाला, "दाजु, वायर है?" तात्या आधीच त्याच्यावर खार खाऊन होते. ढीग कमी झाल्यावर त्यांना पुन्हा वाटू लागलं होतं की या परदेशी माणसाने आपलं काम पळवलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कुनाचा दाजी? माझी बायकू तुझी भैन कवापास्नं?"

माणसं जमली. नेपाळी घाबरून म्हणाला, "दाजु, गुस्सा मत करो," त्याने आणखी भडका उडाला. मी शाळेत असताना मला बोलावणं आलं. मी दुकानासमोर उभा राहून मराठी 'दाजी' आणि नेपाळी 'दाजु' यांवर जेवढं व्याख्यान देता येईल तेवढं दिलं. आयुष्यात माझं व्याकरण इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नसेल.

तात्यांच्या बायकोने शेवटी निकाल लावला. ती घरातून चहा घेऊन आली होती. नेपाळ्याकडे नीट बघून म्हणाली, "मला भाऊ न्हाई. हा चालंल." आणि कप त्याच्या हातात दिला. तात्यांना वायर काढून द्यावी लागली, कारण आता तो खरोखरच त्यांचा मेव्हणा झाला होता.

पुढे दोघांनी मिळूनच धंदा सुरू केला. तात्या बसून वाइंडिंग करतात, तो विहिरीत उतरतो, खांबावर चढतो. गावाला वाटलं होतं एक माणूस आला की दुसऱ्याचं काम जाणार. झालं असं की आता मोटरी लवकर दुरुस्त होतात म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरूनही काम येतं, आणि तात्यांना दुकानाला पत्र्याची शेड वाढवावी लागली. तरी तात्या टपरीवर अधूनमधून म्हणतात, "बाहेरच्या लोकांनी गाव भरलं." मग नेपाळी येतो आणि ते त्याच्या चहात बिस्किट बुडवतात.

जर्मनीला यानंतर आमच्या गावातून आणखी एक माणूस लागला. सुनेला दिवस गेले होते. मेव्हण्याचा फोन आला की इथे बाळंतपणाला घरात कुणी मिळत नाही, आईला पाठवा. सासूबाईंना ना भाषेची परीक्षा द्यावी लागली, ना ए, ना बी. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, शेक द्यायला एक छोटी लोखंडी शेगडी, असं सामान घेऊन त्या विमानात बसल्या. विमानतळावर बाळंतशेपा कुणाला समजेना. तिघाजणांनी वास घेतला. शेवटी सासूबाईंनी एक चिमूट तोंडात टाकून चावून दाखवली आणि एक त्या साहेबाला दिली. त्यानेही चावली, मग सोडलं, असं त्या सांगतात.

मुलगी झाली. सगळं छान पार पडलं. मग एके दिवशी सून झोपलेली असताना सासूबाईंनी पद्धतीप्रमाणे निखारे करून बाळाला ओव्याची धुरी द्यायला घेतली. छताला एक पांढरी डबी होती, ती धूर लागताच किंचाळायला लागली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या डब्या. सगळी इमारत खाली रस्त्यावर उभी राहिली. आगीचा बंब आला आणि शिरस्त्राण घातलेले चार धिप्पाड पुरुष दार ढकलून आत शिरले. समोर नऊवारीतल्या सासूबाई, मांडीवर गुटगुटीत नात, पुढ्यात शेगडी.

"मग तुम्ही काय केलं, मामी?" मी विचारलं. त्या परत आल्या होत्या आणि आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका गोळा झाल्या होत्या.

"काय करनार? दारात आलेल्या मानसाला तसंच कसं घालवायचं? लाडू दिलं."

"खाल्ले?"

"एकानं दोन खाल्लं."

निघताना त्यांनी शेगडी मात्र जप्त केली. शेजारच्या जर्मन बाईला हा सगळा प्रकार इतका आवडला की तिने आपलंही बाळ मालिशला आणून ठेवलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण बाळ झोपायचं. सासूबाई निघाल्या तेव्हा तिने त्यांना एक कोट दिला. जाडजूड, गुडघ्यापर्यंत, टोपीला भुरभुरीत केसांची कड. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी परत बोलावलंय, त्या बाईला दुसरं होणार आहे. जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. शेगडी परत देणार असतील तर जाईन म्हणतात.

परवा थंडी पडली होती. सासूबाई तो कोट घालून, टोपी वर ओढून सकाळी आमच्या गोठ्यात आल्या, धारेला मदत करायला. गायीने एवढं मोठं केसाळ काहीतरी येताना पाहिलं आणि दावं तोडून उसात पळाली. आम्ही तिघांनी तिला हुडकून आणलं तरी पान्हा चोरून, थेंबही न देता उभी राहिली. शेवटी सासूबाईंनी कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, पदर खोचला आणि कुडकुडत खाली बसल्या. गायीने त्यांना ओळखलं. मी कोट पांघरून लांब, उसाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. फार उबदार आहे.